बंद गॅरेजमधलं गरम तेल

गाडीखाली आडवा झालेला मिस्त्री घरातल्या माणसांना दिसेनासा होतो. त्याचे पाय तेवढे बाहेर असतात, आणि पायांसमोर माणसं मोकळेपणानं बोलतात. जन्मभर उताणं पडून मी ग्वाल्हेरच्या कितीतरी घरांतली भांडणं ऐकली, लग्नं जमताना आणि मोडताना ऐकली. एकदा तर मला चहा द्यावा की नाही यावर नवराबायकोचा वाद झाला, तोही ऐकला. (चहा मिळाला नाही.) ऐकलेलं गाडीखालीच सोडून यायचं, ही आमच्या धंद्याची रीत. मी ती पाळली. आज एकच गोष्ट सांगतो आहे. त्या घरातलं आता इथे कुणी राहिलेलं नाही, आणि माझंही वय झालं.

मी दौलतगंजातला नारायण जाधव. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले आणि इथलेच झाले. आजोबा पागेत होते, वडील पागेत होते, मी मोटारखान्यात लागलो. मधे महायुद्धात फौजेच्या वर्कशॉपमध्ये काम केलं. परत आलो तर थोड्याच काळात रियासत विलीन झाली आणि आमचा मोटारखाना सरकारी वर्कशॉप झाला. माणसं तीच, पाने तेच, दारावरची पाटी बदलली. लोकांना वाटलं, झालं ते झालं. पण काही वर्षांनी राज्यांची पुन्हा मांडणी झाली, राजधानी भोपाळला गेली, आणि त्या हिवाळ्यात लष्कर भागातली कचेरी न् कचेरी रिकामी होऊ लागली. फायलींची कपाटं, टेबलं, पंखे, सगळं ट्रकात भरून भोपाळला. ते ट्रक आम्हीच दुरुस्त करून रवाना करत होतो. एक ट्रक गेला की आवार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

त्याच दिवसांत रावसाहेबांच्या घरून बोलावणं आलं.

रावसाहेब रियासतीत महसुलाचे मोठे अंमलदार होते, विलीनीकरणानंतरही टिकले होते. या वेळी मात्र त्यांना भोपाळला नेलं नाही, निवृत्त केलं. नई सडक ओलांडून पलीकडे जरा मोकळ्यावर त्यांचा बंगला होता. त्यांच्याकडे एक लांबरुंद अमेरिकन मोटार होती, गडद हिरवी. रियासती विलीन झाल्या तेव्हा कुठल्याशा संस्थानिकानं आपल्या गाड्या मोडीत काढल्यासारख्या विकल्या, त्यातली ही. तिची खासियत म्हणजे तिचे गिअर आपोआप पडायचे. अख्ख्या ग्वाल्हेरात अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. मी लढाईत अमेरिकन हलक्या रणगाड्यांमध्ये तसली पेटी उघडलेली होती, म्हणून माझं नाव निघालं.

ती पेटी काय असते ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. साध्या गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लच असतो. गाडी गिअरमध्ये असताना ब्रेक दाबून ठेवला आणि क्लच सोडला, तर इंजिन गचका देऊन बंद पडतं. ऑटोमॅटिक गाडीत ही जोडणी तेलाची असते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याची पाती फिरू लागतात ना? तसंच. फक्त वाऱ्याच्या जागी तेल. दांडी पुढच्या गिअरवर टाकली आणि ब्रेकवरचा पाय उचलला, की ॲक्सिलरेटरला न शिवताही गाडी माणसाच्या चालीनं आपली आपण चालू लागते. अडवली तर आतल्या आत ढकलत राहते, पण बंद पडत नाही. ते सगळं ढकलणं तेल सोसतं. ते तापतं, काळं पडतं, जळका वास मारू लागतं. म्हणून ते बदलायचं.

या गाडीचा ड्रायव्हर करीमखाँ. उंच, कमी बोलणारा माणूस. रावसाहेबांकडे तो रियासतीच्या दिवसांपासून होता. रावसाहेबांनी कचेरीचा चार्ज सोडला त्याच दिवशी, त्यांना घरी आणताना, नई सडकेवर करीमखाँ स्टिअरिंगच्या चाकामागे बसल्याबसल्या गेला. गाडी हळूच एका दुकानाच्या ओट्याला टेकली, लोक धावले, पाहतात तो खेळ संपलेला. एवढं सगळ्या शहराला माहीत होतं. ढकलत ढकलत गाडी बंगल्यावर आणली आणि गॅरेजमध्ये कुलूपबंद केली.

मी सकाळी लवकर गेलो तेव्हा बाईसाहेब स्वतः बाहेर आल्या. रावसाहेबांच्या पत्नी. शांत, ताठ चालीच्या.

"नारायणराव, गाडी विकायची आहे. गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं दांडी टाकली तर गाडी हलेचना. तो वैतागून उतरायला लागला आणि ती आपोआप चालायला लागली. तो बिचारा परत आलाच नाही."

"तेल खराब झालं की असं होतं, बाईसाहेब. कमी पडलं तरी होतं. भरायला वेळ लागतो, मग एकदम पकडतं. बदलून देतो. वर्कशॉपला पाठवता का?"

"तिला चालवत न्यायला कुणी तयार नाही. इथेच होईल का?"

"होईल की. फक्त आधी थोडी फिरवून तेल गरम करावं लागेल. थंड तेल नीट निथळत नाही, गाळ आतच राहतो."

"चालू करू नका," त्या घाईनं म्हणाल्या. "निदान मी इथे असताना तरी नका करू."

त्यांनी गॅरेजची किल्ली दिली आणि आत गेल्या. चौकीदार लाखन कुलूप काढायला माझ्याबरोबर आला. दार उघडून तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

गाडी नाक आत करून उभी होती. समोरच्या भिंतीत एक लहान दार होतं, ते रावसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत उघडायचं. मी पाहिलं तर गाडीचा पुढचा बंपर भिंतीला टेकलेला, आणि तिथला गिलावा चुरून खाली पडलेला. चुरा ताजा होता, पांढराशुभ्र. बंपरवरही पांढरं लागलेलं. वाटलं, ढकलून आत आणताना लागला असेल. सतरंजी पसरली, खाली सरकलो आणि सवयीनं पेटीच्या तळाला हात लावला.

हात झटकन मागे घेतला. तळ ऊन होता.

इंजिनाला हात लावला. तेही ऊन. थंडी अशी होती की माझ्या तोंडातून वाफ निघत होती. ज्या गाडीला कित्येक दिवस कुणी शिवलेलं नाही, तिचं लोखंड बर्फासारखं असायला हवं होतं. मी तळाचा बोल्ट थोडासा सैल केला. बोटांवर तेल आलं. नवं असताना हे तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. हे काळं होतं आणि त्याला जळक्या भाजीसारखा वास येत होता. बोल्ट परत आवळला.

"लाखन," मी खालूनच विचारलं, "गाडी किसने चलाई आज?"

त्याचे पाय उंबऱ्यापासून मागे सरकले.

"चलाई तो किसी ने नहीं, उस्ताद." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "पर चलती तो है."

"मतलब?"

"रोज भोर में इंजन बोलता है भीतर. ताला बाहर से लगा रहता है. करीमखाँ कचेरी के लिए इसी टैम गाडी गरम करता था. हम तो नहीं जाते उधर."

मी वर आलो, गाडी भिंतीपासून हातभर मागे ढकलली, हात पुसले. बाईसाहेब व्हरांड्यात उभ्या होत्या. मी काय पाहिलं ते त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं असावं.

"तुम्हालाही ऐकू येतं?" मी विचारलं.

"येतं," त्या म्हणाल्या. "मी उठते, देवापाशी बसते. थांबलं की मग चहा ठेवते."

"आणि रावसाहेब?"

"ते त्यांच्या बैठकीत झोपतात हल्ली. त्यांना विचारलं तर म्हणतात, मला काही ऐकू येत नाही."

नवं तेल माझ्याजवळ नव्हतंच, दिल्लीहून डबे यायचे होते. ते आले की येतो असं सांगून मी निघालो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तिथून निघायचंच होतं. सायकलवर बसल्यावर मनाशी हिशेब मांडत होतो. बंद कुलूप, ऊन पेटी, जळकं तेल, चुरलेली भिंत. कुणीतरी गाडी गिअरमध्ये टाकून अडवून धरतं आहे एवढं कळत होतं. कुणीतरी म्हणजे कोण, याचा विचार माझ्याच्यानं पुढे करवेना.

डबे आल्यावर मी मुद्दाम पहाटे गेलो. कामावर जाण्याआधी उरकून टाकू, असं बायकोला सांगितलं. धुकं इतकं दाट होतं की नई सडकेवर दुकानांच्या पाट्या दिसत नव्हत्या. बंगल्याच्या फाटकातच आवाज ऐकू आला. मोठं इंजिन, बंद दाराआड, दबलेलं. लाखन घोंगडी पांघरून फाटकाशी बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

गॅरेजला बाहेरून कुलूप तसंच होतं. दाराच्या फटीतून धूर येत होता, आणि तो नाकात गेल्याबरोबर माझी भीती एकदम बदलली. बंद खोलीत चालू असलेल्या इंजिनाचा धूर माणसाला गुपचूप झोपवतो. फौजेत आमच्या वर्कशॉपमधला एक जण तसाच गेला होता.

मी व्हरांड्यातून आत धावलो. "बाईसाहेब, बैठकीचं दार!"

त्या देवघरातून उठून आल्या. बैठकीत अंथरूण रिकामं होतं. गॅरेजकडचं लहान दार नुसतं ओढलेलं. मी ते उघडून आत शिरलो आणि धुराचा लोट अंगावर आला. समोर, हातभर अंतरावर, गाडीचं नाक होतं. काचेमागे चाकापाशी रावसाहेब बसले होते. लांब काळा कोट, डोक्यावर दरबारी पगडी. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलत होते. ते कुणाशी तरी बोलत होते.

"रावसाहेब!" मी ओरडलो. त्यांची मान हळूच पुढे आली आणि पगडी चाकावर टेकली. त्याबरोबर गाडी हलली.

मी भिंत आणि बंपर यांच्यामध्ये उभा होतो. ब्रेकवरचा त्यांचा पाय सुटला होता. मी उडी मारून मडगार्डवर चढलो आणि माझ्या पायांखाली बंपर भिंतीला भिडला. गाडी थांबली नाही. इंजिन गुरगुरत भिंत ढकलत राहिलं, वरून गिलावा माझ्या डोक्यावर पडत होता. मडगार्डवरून सरपटत मी दारापाशी आलो, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. मग एकदम इतकी शांतता झाली की मागे बाईसाहेबांचा श्वास ऐकू आला.

त्यांनी आणि मी मिळून रावसाहेबांना बाहेर ओढलं. लाखन तेव्हा मात्र धावत आला. अंगणात झोपवलं, छातीची बटणं काढली. बराच वेळ काहीच झालं नाही. बाईसाहेब त्यांचे तळहात चोळत होत्या आणि एकसारखं "अहो, अहो," म्हणत होत्या. मग त्यांना खोकला आला, उलटी झाली, आणि त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर येऊन गेले. ऊन वर आल्यावर रावसाहेब खुर्चीत बसून चहा पीत होते, शाल पांघरून, एखाद्या पोरासारखे ओशाळलेले. बाईसाहेब डॉक्टरांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या तेव्हा आम्ही दोघंच होतो.

"तुम्हाला चालवता येते, रावसाहेब?" मी विचारलं.

"नाही. किल्ली फिरवून दांडी टाकायची, एवढं करीम करताना पाहिलं होतं. मी ब्रेक धरून बसतो."

"कशासाठी?"

ते म्हणाले, "नारायण, तो नई सडकेवर गेला असं सगळे म्हणतात. नई सडकेवर कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. मलाही नाही. मी मागे बसलो होतो. गर्दी होती, गाडी हळू चालली होती, नेहमी चालते तशी. दोन्हीकडून लोक मुजरे करत होते. शेवटचाच दिवस तो. मी मान हलवत होतो आणि करीमशी बोलत होतो. म्हटलं, आज हॉर्न का नाही वाजवत? तो काही बोलला नाही. तो तसाही कमीच बोलायचा."

"मग?"

"मग मी त्याला सांगितलं, करीम, कल से मत आना. आता कचेरी नाही, मोटार ठेवणं जमणार नाही, तुझं कुठेतरी लावून देईन. सगळी सडक मी त्याला समजावत होतो. तो गप्प. मला वाटलं, रागावला. मलाही राग आला. म्हटलं, इतक्या वर्षांचा माणूस, एक शब्द बोलवत नाही? मग गाडी ओट्याला लागली."

बोलता बोलता त्यांच्या हातातला कप कलला. मी तो काढून घेतला.

"तो ऐकून गेला, की ऐकायच्या आधीच गेला, हे मला कळत नाही. ऐकून गेला असेल तर..." त्यांनी शाल ओढून घेतली. "मी दांडी टाकून ब्रेक धरला की गाडी ओढ घेते. तुला माहीत आहे कशी घेते. आत कुणीतरी निघायला बघतंय, अशी. मी त्याला अडवून धरतो आणि विचारतो."

मी पेटीत तेल कसं काम करतं ते त्यांना सांगू शकलो असतो. दोन पंख्यांची गोष्ट ओठांवर आली होती. सांगितली नाही.

त्या दिवशी मी वर्कशॉपला गेलो नाही. गॅरेजची दारं सताड उघडून गाडी ढकलत अंगणात काढली आणि काम केलं. तळाचा बोल्ट काढून तेल परातीत सोडलं. जोडणीच्या घरात आणखी एक बोल्ट असतो, तो लोक विसरतात आणि निम्मं जुनं तेल आतच राहतं, तोही काढला. काळं तेल बराच वेळ गळत होतं. तळाला गाळ होता, धातूचा बारीक कीस होता, बाकी काही नव्हतं. तळ धुऊन, पुसून, नवं तेल ओतलं. ते मोजायची पट्टी या गाडीत पुढच्या सीटपाशी गालिच्याखाली असते. इंजिन चालू ठेवून पुन्हा पुन्हा पाहिली, पातळी बरोबर आली. दांडी टाकली. गाडीनं लगेच पकडलं. बिघाड होता, तो गेला. हे लिहिताना माझी मान अजूनही ताठ होते.

हात धूत होतो तेव्हा रावसाहेब कोट घालून जवळ आले.

"मला एकदा कचेरीपासून घरी आणशील?"

बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. आम्ही निघालो. रावसाहेब मागे बसले. फाटकातून बाहेर पडताना म्हणाले, "एकच सांगतो, नारायण. चालवताना बोलत राहा. गप्प बसू नकोस."

कचेरीला कुलूप लागलेलं होतं. आवारात मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता. तिथून गाडी वळवली आणि मी बोलू लागलो. मी काही फार बोलणारा माणूस नाही. आधी गाडीबद्दल बोललो, मग लढाईतल्या रणगाड्यांबद्दल, मग माझ्या मुलींबद्दल, धाकटी मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते याबद्दल. माझीही बदली भोपाळला होणार का, याबद्दल. मागून अधूनमधून हुंकार यायचा आणि मला धीर यायचा.

नई सडकेवर संध्याकाळची गर्दी होती. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी आपल्या चालीनं सरकू लागली. लोक बाजूला होत होते. काही म्हाताऱ्या दुकानदारांनी गाडी ओळखली आणि उभे राहिले. कुणी मुजरा केला नाही, नुसते पाहत राहिले. तेवढ्यात माझं बोलणं संपलं. खरंच संपलं. तोंड उघडलं तरी शब्द येईनात, आणि माझे हात चाकावर असे झाले की जणू ते चाकाचेच आहेत.

मागून रावसाहेबांचा आवाज आला. सरळ, हुकमी, कचेरीतला.

"करीम, कल आ जाना. टैम पे."

गाडी सरकत होती.

"जी हुजूर. आ जाऊँगा."

ते मीच म्हटलं असणार. गाडीत आम्ही दोघंच होतो. मी तसंच समजलो, आणि पुढे काही सुचेना म्हणून त्याच ओट्याजवळून गाडी नीट वळवून काढण्याकडे लक्ष दिलं.

पुढे ती गाडी कानपूरच्या एका व्यापाऱ्यानं नेली. माझी बदली काही झाली नाही. रावसाहेब त्यानंतर बरीच वर्षं जगले. बाईसाहेब सांगत, की पुन्हा बैठकीत झोपायला गेले नाहीत. दसऱ्याला मी सोनं द्यायला जायचो, ते पाठीवर हात ठेवायचे. गाडीचा विषय आमच्यात निघाला तो त्या संध्याकाळी, बंगल्याच्या पायरीशी, शेवटचा.

मी उतरून मागचं दार उघडलं. रावसाहेब उतरले. त्यांचा चेहरा ओला होता, पण आवाज स्वच्छ होता.

"सगळी वाट बोलत आलास, नारायण," ते म्हणाले. "करीमची उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा तेवढा गप्प राहिलास. फार बरं केलंस."